बांबूसारखी उभी चिरणारी नळी

१ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातल्या टोरांटोजवळच्या पिकरिंग अणुवीज केंद्रात, दुसऱ्या संचातली एक नळी चालू भट्टीत फुटली. जी-१६ हा तिचा क्रमांक. तडा जवळजवळ दोन मीटर लांब होता आणि तो नळीच्या लांबीच्या दिशेने सरळ गेला होता. बुरूड बांबूच्या टोकाला कोयता लावून एक टोला देतो आणि बांबू पुढे आपोआप उभा चिरत जातो, अगदी तसा. भट्टी व्यवस्थित बंद झाली, कुणाला इजा झाली नाही. पण अभियंत्यांची झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. ही नळी आधी गळायला हवी होती, आणि ती गळली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी, १९७४ मध्ये, याच केंद्राच्या तिसऱ्या संचात काही नळ्यांना तडे गेले होते. त्या वेळी पाणी झिरपलं, ओलावा यंत्रांनी टिपला आणि भट्टी थांबवून नळ्या बदलल्या. आधी गळती, मग वेळेत थांबणं, या क्रमावर सगळ्यांचा भरवसा बसला होता. जी-१६ ने तो मोडला. तो का मोडला, हे समजायचं तर या नळ्या ज्याच्या बनतात तो झिर्कोनियम हा धातू तपासतात कसा हे समजून घ्यावं लागतं. त्यासाठी सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की बसवावी लागते: या धातूला दिशा असते. लाकडाला असते तशी.

झिर्कोनियमच का, हे थोडक्यात. अणुभट्टी न्यूट्रॉनांवर चालते. इंधनाभोवतीच्या धातूने ते गिळले तर भट्टी चालणार नाही. झिर्कोनियम मंद न्यूट्रॉनांना लोखंडाच्या सुमारे चौदापट कमी शोषतं, गरम पाण्यात बऱ्यापैकी टिकतं आणि १८५५ अंश सेल्सियसला वितळतं. केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत त्याचं खनिज मिळतं. त्या खनिजात सोबत हाफ्नियम असतं आणि ते मात्र न्यूट्रॉन अधाशासारखं खातं, म्हणून हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये ते आधी वेगळं काढावं लागतं. मग थोडं कथील, लोखंड, क्रोमियम घालून झिर्कॅलॉय बनतो, किंवा अडीच टक्के नायोबियम घालून दाबनळ्यांचा मिश्रधातू बनतो.

दाबनळी म्हणजे काय, ते आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या उदाहरणाने पाहू. तिथल्या तिसऱ्या आणि चौथ्या संचात प्रत्येकी ३९२ आडव्या नळ्या आहेत. प्रत्येक नळी सुमारे सहा मीटर लांब, आतून दहा सेंटिमीटरहून किंचित रुंद आणि भिंत जेमतेम सव्वाचार मिलिमीटर जाड. आत युरेनियमच्या इंधनाचे गठ्ठे, त्यांच्यावरून वाहणारं तीनशे अंशांच्या घरातलं जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनचं पाणी. दाब वातावरणाच्या सुमारे शंभरपट. घरच्या कुकरची शिटी वातावरणाहून साधारण एकपट जास्त दाबाला वाजते, त्यावरून अंदाज यावा. या नळीबाहेर दुसरी एक नळी, दोघींमध्ये कार्बन डायऑक्साइड वायूची अरुंद पोकळी, आणि बाहेरच्या नळीला लागून थंड जड पाणी. दोन नळ्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये स्प्रिंगच्या कड्या बसवलेल्या असतात. या कड्या लक्षात ठेवा.

दाबाखालच्या नळीची भिंत दोन दिशांनी ताणली जाते, परिघाच्या आणि लांबीच्या. परिघावरचा ताण लांबीवरच्या ताणाच्या दुप्पट असतो. गणित शाळेतल्यासारखं सोपं आहे: दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. दाब १० मेगापास्कल, त्रिज्या ५२ मिलिमीटर, जाडी ४.३ मिलिमीटर धरली, तर परिघावर सुमारे १२० मेगापास्कल ताण येतो. म्हणून नळीला तडा जातो तो उभाच जातो.

इथवर ही कुठल्याही नळीची गोष्ट झाली. आता झिर्कोनियमची.

या धातूचे स्फटिक षट्कोनी असतात. मी ते नेहमी सहा कडांच्या पेन्सिलीसारखे डोळ्यांपुढे आणतो. धातू वाकतो किंवा लांबतो तेव्हा स्फटिकातले अणूंचे थर एकमेकांवरून घसरत असतात. झिर्कोनियममध्ये ही घसरण सहज होते ती पेन्सिलीच्या बाजूच्या पृष्ठांवर, आणि तीही पेन्सिलीला आडवी. परिणाम असा की पेन्सिल आडवी ओढली तर ती मऊपणे आकार बदलते, पण टोकाकडून टोकाकडे ओढली तर ही सोपी घसरण काहीच कामाची नसते. मग धातूला अवघड वाटा धराव्या लागतात: तिरक्या पृष्ठांवरची घसरण, किंवा स्फटिकाचा एक भाग आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा वळणं, ज्याला ट्विनिंग म्हणतात. इतकंच काय, साधा ताठरपणाही दोन्हीकडे सारखा नाही. पेन्सिलीच्या लांबीच्या दिशेने तो सुमारे १२५ गिगापास्कल भरतो, आडव्या दिशेने ९९.

हे स्फटिक अस्ताव्यस्त पसरलेले असते तर सरासरीत सगळं सारखं झालं असतं. पण नळी ओढताना आणि लाटताना ते एका कलाने रांगेत बसतात. या कलाला टेक्श्चर म्हणतात आणि क्ष-किरणांनी तो मोजता येतो. नायोबियमवाल्या दाबनळीत बहुतेक पेन्सिली परिघाच्या दिशेने आडव्या पडलेल्या असतात. इंधनावरच्या पातळ आवरणनळीत त्या जाडीच्या दिशेने, साधारण तीस अंश कललेल्या असतात. धातू झिर्कोनियमच, पण दोन नळ्यांचे स्वभाव वेगळे. म्हणून ‘झिर्कोनियमचं बळ किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या नळीचं, कुठल्या दिशेने ओढल्यावर, हे विचारलं तरच उत्तराला अर्थ येतो.

चाचणीची अडचण इथेच सुरू होते. पोलादाचं बळ मोजायचं तर डंबेलच्या आकाराचा तुकडा कापून यंत्रात दोन्हीकडून ओढतात. नळीतून लांबीच्या दिशेने असा तुकडा निघतो. परिघाच्या दिशेने मात्र नळी वाकडी आहे. तुकडा ठोकून सपाट केला तर तो ठोकण्यानेच बदलतो आणि आपण मूळ नळी न तपासता ठोकलेला पत्रा तपासतो. म्हणून पातळ आवरणनळीची अंगठी कापतात, तिच्यात दोन अर्धगोल खुंट्या घालतात आणि खुंट्या एकमेकींपासून दूर खेचतात. पण अंगठी खुंटीवर घासते, कडेला थोडी वाकते, आणि यंत्र जे बळ दाखवतं त्यात घर्षण आणि वाकणं मिसळलेलं असतं. मग तीच चाचणी संगणकात उभी करून हे दोन्ही वजा करावं लागतं. माझ्या मते या क्षेत्राचा गाभा इथे आहे. चाचणी आणि मॉडेल ही इथे दोन वेगळी कामं नाहीतच. मॉडेल हाताशी नसेल तर चाचणीचा आकडा वाचताच येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे नळीचा तुकडा दोन्ही टोकांनी बंद करून आत तेल किंवा वायू भरून फुगवणं आणि शेवटी फोडणं. भट्टीतल्या परिस्थितीच्या हे सर्वांत जवळचं. पण एका चाचणीत सबंध तुकडा खर्च होतो, आणि भट्टीत वापरलेल्या नळीचा असा तुकडा हाताळणं हे मोठंच काम असतं.

आता या गोष्टीतला खरा खलनायक. तापलेल्या जड पाण्याशी झिर्कोनियमची हळूहळू प्रक्रिया होते. पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो आणि सुटलेल्या ड्यूटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, काही हिस्सा धातूत शिरतो. तीनशे अंशांना झिर्कोनियम वजनाच्या दशलक्ष भागांत साठ-पासष्ट भाग हायड्रोजन विरघळवून ठेवू शकतं. खोलीच्या तापमानाला जवळजवळ शून्य. चहात साखर जास्त झाली आणि चहा गार झाला की ती तळाशी बसते, तसा भट्टी थंड होताना हा हायड्रोजन धातूतच हायड्राइडच्या, म्हणजे झिर्कोनियम-हायड्रोजनच्या संयुगाच्या, पापुद्र्यांच्या रूपात बाहेर पडतो. हे पापुद्रे ठिसूळ असतात, आणि मूळ धातूपेक्षा सुमारे सतरा टक्के जास्त जागा मागतात.

पापुद्रे पडतात तेही दिशा धरून. बेकरीतली खारी आठवा. वरून दाबली तर ती बराच भार सोसते. पण पापुद्र्यांच्या फटीत नख घातलं की सहज सुटते. नळीच्या भिंतीत हायड्राइड सहसा परिघाला समांतर बसतात, आणि आतून बाहेर जाऊ पाहणाऱ्या तड्याला ते पापुद्रे एकेक करून ओलांडावे लागतात. हे त्यातल्या त्यात चांगलं. पण नळी गरम असताना हायड्राइड विरघळले आणि मग पुरेशा ताणाखाली ती गार झाली, तर ते नव्याने बसताना दिशा बदलतात आणि जाडीच्या दिशेने उभे राहतात. आता तड्याला आयती फट मिळाली. तेवढाच हायड्रोजन, तीच नळी, पण कणखरपणा कितीतरी कमी. किती ताणाला ही दिशा बदलते, हे शोधण्यासाठी निमुळते नमुने वापरतात. अशा नमुन्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताण सलग बदलत जातो. नमुना गरम करून, ताणाखाली गार करून, मग कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पापुद्रे नेमके कुठून वळायला लागले ते दिसतं.

याहून वाईट गोष्ट म्हणजे हायड्रोजन धातूत फिरतो. तो जास्त ताणाकडे जातो, आणि गरम भागाकडून थंड भागाकडे जातो. एखाद्या बारीक ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटलेला असेल तर हायड्रोजन तिथे गोळा होतो, हायड्राइडचा पापुद्रा वाढतो, तडकतो, तडा तेवढाच पुढे सरकतो आणि थांबतो. मग नव्या टोकाशी पुन्हा तेच. ताण वाढवावा लागत नाही, फक्त वेळ जावा लागतो. याला डिलेड हायड्राइड क्रॅकिंग म्हणतात; आपण सावकाश सरकणारा तडा म्हणू.

याची चाचणी मला फार शिकवणारी वाटते, कारण इथे दिशा तापमानालाही असते. नमुना थेट २५० अंशांपर्यंत तापवून तडा मोजायला बसलात तर तो सरकेल न सरकेल. तोच नमुना आधी हायड्राइड पुरते विरघळेपर्यंत तापवून, काही वेळ तिथेच ठेवून, मग २५० अंशांपर्यंत खाली आणला तर तडा नेमाने चालू लागतो. कारण हायड्राइड विरघळायचं तापमान आणि पुन्हा बसायचं तापमान एक नाही; बसण्यासाठी धातू बराच जास्त थंड व्हावा लागतो. वरून येताना धातूत जास्तीचा हायड्रोजन विरघळलेला राहतो आणि तोच तड्याला खाद्य पुरवतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अनेक देशांच्या प्रयोगशाळांकडून हा वेग एकाच पद्धतीने मोजून घेतला, त्यात भारतही होता. तापवण्या-निववण्याचा क्रम आधी एकसारखा ठरवला, म्हणूनच सगळ्यांचे आकडे शेजारी मांडता आले.

प्रयोगशाळेतल्या तापवण्याच्या भट्टीत बंद असलेल्या नमुन्यातला तडा दिसत नाही, मग मोजतात कसा? नमुन्यातून स्थिर वीजप्रवाह सोडतात. तडा वाढला की वीज जायला धातू कमी उरतो आणि तड्याच्या दोन बाजूंमधला व्होल्टेज किंचित वाढतो. सोबत एक संवेदक नमुन्याला कान लावून बसतो. प्रत्येक पापुद्रा तडकल्याचा आवाज त्याला ऐकू येतो. शेवटी नमुना पूर्ण फोडतात आणि तुटलेल्या पृष्ठावर तड्याची खरी लांबी मोजून व्होल्टेजचा हिशोब तपासतात.

या वेगाचं पुढे काय करतात ते पाहा. तडा भिंतीतून आरपार जातो तेव्हा त्याची लांबी साधारणपणे जाडीच्या चार-पाचपट, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर असते. तिथून गळती सुरू. दुसरा आकडा म्हणजे घातक लांबी: त्यापुढे तडा सावकाश सरकत नाही, बांबूसारखा फाटतो. नमुन्यादाखल ती ५० मिलिमीटर धरू. मधलं अंतर ३० मिलिमीटर. तडा दोन्ही टोकांनी प्रत्येकी ताशी ०.३६ मिलिमीटर सरकत असेल, तर हाताशी उरतात सुमारे बेचाळीस तास. तेवढ्यात पोकळीतल्या वायूतला ओलावा टिपून भट्टी थांबवायची आणि दाब उतरवायचा. सबंध सुरक्षेचा युक्तिवाद या भागाकारावर उभा आहे. म्हणूनच त्यातला प्रत्येक आकडा कुठल्या नमुन्यातून, कुठल्या दिशेने, किती हायड्रोजन असताना मिळाला, याची इतकी कसून चौकशी होते. घातक लांबी काढण्यासाठी नळीच्या भिंतीतून छोटे, वाकडेच ठेवलेले नमुने कापतात, त्यांत आधी बारीक तडा तयार करतात, आणि तो पुढे न्यायला किती ऊर्जा लागते ते मोजतात.

हे सगळं न वापरलेल्या नळीवर करणं तुलनेने सोपं. पण न्यूट्रॉनांच्या माऱ्यात वर्षं काढलेला धातू वेगळाच होतो. त्याचं बळ वाढतं, ताणून लांबण्याची क्षमता आणि कणखरपणा घटतो. असे नमुने किरणोत्सारी असतात. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यासाठी हॉट सेल आहेत. जाड भिंती, जाड शिशाची काच, आणि काचेपलीकडे यांत्रिक हात. नखाएवढा नमुना यांत्रिक बोटांनी पकडीत सरळ बसवणं हीच मुळात कसबाची गोष्ट. तो केसभर तिरका बसला तर मोजलेली दिशा चुकते.

न्यूट्रॉन आणखी एक गोष्ट करतात आणि ती मला या धातूची सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. बाहेरून कसलाही ताण नसताना स्फटिक आपोआप आकार बदलतो: आपली पेन्सिल आखूड आणि जाड होत जाते. आता दाबनळी आठवा. तिच्यात पेन्सिली परिघाच्या दिशेने पडलेल्या आहेत. त्या आखूड-जाड झाल्या की नळी लांब होते, आणि एवढंच असतं तर परीघ आकसला असता. पण आतला दाब परीघ सतत बाहेर ढकलत असतो, आणि गरम, मारा खाणारा धातू त्यापुढे वर्षानुवर्षं सावकाश सरकत राहतो. याला क्रीप म्हणतात. परिघाच्या बाबतीत ही रस्सीखेच क्रीप जिंकतं. नळी लांब होते, रुंद होते, आणि इंधनाच्या वजनाने मधोमध झोळही खाते.

मॉडेल करणाऱ्यांचं काम इथे खऱ्या अर्थाने सुरू होतं, कारण भट्टीतली वीस-तीस वर्षं प्रयोगशाळेत काढता येत नाहीत. सोपी मॉडेलं तीन तुकडे बेरजेत मांडतात: उष्णतेचं क्रीप, न्यूट्रॉनांमुळे वाढलेलं क्रीप, आणि ताणाविना होणारी वाढ. प्रत्येकाचे गुणक चालू भट्ट्यांतल्या मोजमापांवरून बसवतात. अधिक खोल जाणारी मॉडेलं एकेका स्फटिकापासून निघतात. टेक्श्चर मोजून हजारो स्फटिकांची यादी करायची. प्रत्येकाला वाटावं की आपण बाकी सगळ्यांच्या सरासरीने बनलेल्या धातूत रुतून बसलो आहोत, असं गणित मांडायचं. आणि मग सगळ्यांच्या वागण्याची सरासरी पुन्हा तीच निघेपर्यंत गणित फिरवत राहायचं. शेजारी स्फटिक एकमेकांना ओढत असतात, कारण गरम-गार होतानाही पेन्सिलीचं लांबीकडचं प्रसरण आडव्या प्रसरणाच्या जवळजवळ दुप्पट असतं. हे आतले ताण न्यूट्रॉन विवर्तनाने, म्हणजे स्फटिकांवरून न्यूट्रॉन कसे विखुरतात ते पाहून, थेट मोजता येतात. तशी उपकरणं ट्रॉम्बेच्या ध्रुव भट्टीवर आहेत.

अशा मॉडेलवर विश्वास कधी ठेवायचा? माझी कसोटी कडक आहे. लांबीच्या दिशेच्या ताणचाचणीवर गुणक बसवले आणि आलेख तंतोतंत जुळला, यात काही सिद्ध होत नाही. पुरेसे गुणक हाताशी असले की कुठलाही आलेख जुळतो. त्याच गुणकांनी परिघाच्या दिशेची चाचणी, तीही मॉडेलला आधी न दाखवता, बरोबर सांगितली तर त्याला धातू थोडाफार कळला. दुसऱ्या टेक्श्चरची नळीही सांगितली, तर मी मान डोलावीन.

आता जी-१६ कडे परत जाऊ. ती झिर्कॅलॉय-२ ची होती. स्प्रिंगच्या कड्या जागेवरून सरकल्या होत्या, त्यामुळे आधार नसलेल्या भागात नळी झोळ खाऊन बाहेरच्या थंड नळीला टेकली. टेकलेल्या जागी थंड ठिपका तयार झाला. हायड्रोजन थंडीकडे जातो, म्हणून आजूबाजूचा सगळा तिथे गोळा झाला आणि हायड्राइडचे घट्ट फोड उठले. फोड तडकले. नळीत आधीच हायड्रोजन मुबलक होता, त्यामुळे उरलेली भिंतही ठिसूळ झालेली. एकाच रेषेतले फोड जोडले गेले, आणि गळती दिसायला जो वेळ मिळायला हवा होता तो मिळालाच नाही. आपल्या भागाकारातली घातक लांबी गळतीच्या लांबीपेक्षा मोठी राहिली नव्हती.

त्यानंतर झिर्कॅलॉय-२ च्या नळ्या टप्प्याटप्प्याने गेल्या. राजस्थान अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचात १९९४ ते १९९८ या काळात सगळ्या नळ्या बदलल्या गेल्या. गुजरातमधल्या काक्रापार केंद्राच्या दुसऱ्या संचापासून भारतात सुरुवातीलाच नायोबियमवाला मिश्रधातू बसवला जाऊ लागला, कारण तो हायड्रोजन खूपच सावकाश घेतो. कड्याही सैल न ठेवता घट्ट बसणाऱ्या झाल्या. नळी बनतानाच तिच्यात राहणाऱ्या हायड्रोजनची मुभा दशलक्षात २५ भागांवरून ५ वर आणली, आणि त्यासाठी धातू निर्वातात चार वेळा वितळवू लागले. तरीही ११ मार्च २०१६ रोजी काक्रापारच्या पहिल्या संचातली एक नळी गळली. तिथे आतल्या हायड्रोजनचा दोष नव्हता. नळ्यांच्या बाहेरच्या पृष्ठावर, वायूच्या पोकळीकडच्या बाजूला, ठिकठिकाणी गंज लागलेला आढळला. सगळ्या नळ्या बदलून तो संच २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला.

चालू भट्टीतल्या नळीत आज किती हायड्रोजन आहे, हे कळण्यासाठी नळी काढावी लागत नाही. भट्टी थांबलेली असताना ट्रॉम्बेत बनवलेलं एक साधन नळीत सरकवतात. ते आतल्या भिंतीवरून एक अगदी पातळ कीस खरवडतं. खोबरं किसताना पहिला हलका हात फिरवावा तितकंच, म्हणजे नळीला ओरखडा राहू नये. कीस प्रयोगशाळेत तापवून हायड्रोजन आणि ड्यूटेरियम मोजतात. तो आकडा मॉडेलमध्ये जातो, आणि पुढच्या तपासणीपर्यंत किती वाढेल, ही नळी अजून किती वर्षं ठेवायची, ते ठरतं. मुदत संपलेल्या नळ्यांपैकी निवडक नळ्या हॉट सेलमध्ये येतात. काचेपलीकडचे यांत्रिक हात त्यांच्या अंगठ्या कापतात, आणि प्रत्येक तुकड्यावर कापण्याआधीच खूण केलेली असते: लांबी कुठली, परीघ कुठला.